हक्क कागदावर राहू नये

‘बॉर्डरलाइन’ व्यक्तिमत्त्व-विकारात जग दोनच रंगांत दिसते. काल देव वाटलेला स्नेही आज वैरी ठरतो. एक भेट चुकली की ‘मला टाकले’ असा निष्कर्ष निघतो. हा हट्ट नव्हे, आजार आहे. अमेरिकेतील मार्शा लिनेहान यांनी वैयक्तिक उपचाराला साप्ताहिक गटाची जोड दिली. निष्कर्षाला पुरावा कोणता, हे तपासण्याची सवय तेथे समदुःखितांसमवेत लागते. त्यासाठी यंत्रे नव्हे, प्रशिक्षित माणसे हवीत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय उपचाराचा हक्क प्रत्येकाला दिला. परंतु अंबड तालुक्यातील वडीगोद्रीच्या मजुराला त्यासाठी दर आठवड्याला रोज बुडवून शहर गाठावे लागणार असेल, तर तो हक्क कसला? असे गट गावाजवळच्या आरोग्य केंद्रात भरावेत, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे.