गार्ड बांधायचा त्यांच्यासाठी, बोट गमवायचे आपण, आणि दोषीही आपणच?

जबलपूरला यंत्राचे अप्रूप नाही. १८७० साली मुंबईकडची जी.आय.पी. आणि कलकत्त्याकडची ईस्ट इंडियन रेल्वे याच शहरात जोडल्या गेल्या. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला, १९६९ मध्ये वाहन कारखाना, आणि २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय इथे आहे. अशा शहरातल्या सुताराला करवत धरायला शिकवण्याची गरज काय, असा साळसूद प्रश्न अधिकारी विचारतात. गरज आहे, कारण हातात दिलेली करवत बदलली आहे.

बॅटरीवर चालणारी गोल करवत सोयीची आहे यात वाद नाही. यार्डात उभ्या असलेल्या डब्यात प्लग शोधावा लागत नाही, छाटणीच्या खोलीतले मोडके लाकडी खण जागच्या जागी दुरुस्त होतात. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. आमचा विरोध खोके फोडून, इंग्रजी पुस्तिका कपाटात टाकून, “चला, संध्याकाळपर्यंत डबा मोकळा करा” म्हणणाऱ्या कारभाराला आहे.

या करवतीला खालच्या बाजूला स्प्रिंगवर फिरणारा गार्ड असतो. पाते लाकडात शिरताना तो मागे सरकतो आणि काप संपताच आपोआप पाते झाकतो. भुसा आणि लाकडाचा चीक साचला की तो अडकू लागतो. मग घाईत कोणीतरी पाचर मारतो किंवा सुतळीने तो वर बांधून ठेवतो. काम भराभर उरकते. साहेब शेजारून जातात, बघतात, काही बोलत नाहीत. अपघात झाला की मात्र त्याच साहेबांना नियम आठवतात!

साथींनो, हे नीट समजून घ्या. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने तर्जनी पूर्ण गेली तर कमावण्याची शक्ती १४ टक्के घटली असे धरले, अंगठा गेला तर ३० टक्के. आपल्या बोटांचा हा सरकारी भाव! पण त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये मालकासाठी मागचे दार आहे: सुरक्षेसाठी दिलेला गार्ड कामगाराने जाणूनबुजून काढला असेल तर भरपाई नाही. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ही सबब चालत नाही. बोट गेले तर चालते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तरी हे दार उघडेच आहे. म्हणजे ती सुतळी आपण स्वतःच्याच दाव्याला बांधत असतो.

तेव्हा गार्ड बांधायचा नाही. अडकला तर आधी बॅटरी काढा, मग ब्रशने साफ करा. तरीही आपणहून बंद होत नसेल तर यंत्र परत करा, आणि परत केल्याचे लिहून द्या.

पात्याची खोली दर कामाला नव्याने लावायची, तीही बॅटरी काढूनच. लाकडाच्या जाडीपेक्षा पाते दोन-तीन मिलिमीटरच खाली दिसावे. बारा मिलिमीटरची फळी असेल तर पंधरा पुरे. पूर्ण पाते सोडून बारीक फळी कापणारे बहाद्दर आम्ही पाहिले आहेत. डब्याच्या फळीखाली लोखंडी पत्रा असतो हे त्यांना दाते तुटल्यावर कळते. तळपट्टी लाकडावर सपाट टेकवा, करवत दोन्ही हातांनी धरा, पात्याच्या सरळ रेषेत मागे उभे राहू नका. काप मिटून पाते दाबले गेले की करवत उसळून मागे, म्हणजे तुमच्याच अंगावर येते. म्हणून कापून पडणारा तुकडा मोकळा राहील असा आधार द्या. पाते पूर्ण थांबल्याशिवाय करवत खाली ठेवू नका. डोळ्यांना चष्मा हवा आणि बाही सैल नको.

बोथट पाते हा तर व्यवस्थापनाचा खास आवडता काटकसरीचा प्रकार. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोराने करवत उसळते, आणि बॅटरीही लवकर संपते. एका पात्याच्या इंडेंटवर तीन सह्या लागतात, माणूस मात्र बिनसहीचा राबतो.

आणि बॅटरी! ४० अंशांच्या वर ती चार्ज करू नये, असे बनवणाऱ्यांच्या पुस्तिकांत सर्रास छापलेले असते. मे महिन्यातले जबलपूर आणि पत्र्याची शेड ज्यांनी पाहिली आहे त्यांनी सांगावे, दुपारी चार्जर कुठे लावायचा? सावलीतली, हवेशीर जागा आणि जादा बॅटरी ही चैन नव्हे.

माहिती, प्रशिक्षण आणि देखरेख देणे ही मालकाची जबाबदारी आहे, असे १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात आले. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेच्या २०२० च्या संहितेतही ते कायम आहे. ठेकेदाराचा माणूस शेजारी तीच करवत चालवतो. त्याला वगळून आपले प्रशिक्षण मागू नका. त्याचे बोट गेले तर त्याच्या मागे उभे राहायला बहुधा कोणीच नसते.

प्रत्येक शाखेने या महिन्यात लेखी मागणी द्यावी: हिंदी-मराठीतली सूचनापत्रके, कामाच्या वेळेतच प्रशिक्षण, धारदार पात्यांचा साठा, आणि नादुरुस्त गार्डची नोंदवही. पत्राची पोच घ्या, तारखेसह.