पट भरलेला, वर्ग रिकामा
(एका खेड्यांतील शिक्षकाकडून)



जूनमध्यें शाळा उघडते त्या दिवशीं गांवोगांवीं मोठा थाट असतो. पहिलीच्या पोरांना बैलगाडींत नाहींतर ट्रॅक्टरवर बसवून मिरवतात. दाराला तोरण, हातांत गुलाबाचें फूल, नवीं पुस्तकें, आणि तालुक्याहून आलेले पाहुणे. फोटो निघतात. हें सर्व मला आवडतें. ज्या घरांत चार पिढ्यांत कोणाच्या हातीं पाटी आली नाहीं, त्या घरच्या पोराला एक दिवस नवरदेव केलें तर बिघडलें कोठें? पण वऱ्हाड जेवून गेल्यावर सासरीं गेलेल्या मुलीची चौकशी कोणीं करावयाची, हा प्रश्न जसा मागें उरतो तसाच तो येथेंही उरतो. दसरा उजाडतो आणि वर्गांतल्या रांगा विरळ होऊं लागतात. जूनमध्यें मिरवलेलें पोर नोव्हेंबरांत कोठें आहे, हें पाहावयास त्या पाहुण्यांपैकीं कोणीही परत येत नाहीं.

पट आणि हजेरी ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें आधीं नीट समजून घ्या. पट म्हणजे वहींत नांव असलेलीं मुलें. हजेरी म्हणजे त्या दिवशीं प्रत्यक्ष येऊन बसलेलीं मुलें. सरकारचा कारभार बहुतेक पटावर चालतो. शिक्षक किती द्यावयाचे तें पटावर, शाळा ठेवावयाची कीं नाहीं तेंही पटावर. २०२३ सालीं वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार शिक्षण खात्यानें पुढें आणला, तेव्हां वाड्यावस्त्यांवरील आईबापांच्या पोटांत गोळा उठला. उठावा हें योग्यच. सहा वर्षांच्या पोरीला ओढा ओलांडून परगांवीं पाठविणारी आई विरळा. परंतु शाळा मोडण्याच्या नुसत्या बातमीनें जेवढा आरडाओरडा आपण करतों, त्याचा दहावा हिस्साही रोजच्या गैरहजेरीबद्दल करीत नाहीं. हजेरी तुटली कीं पोर मागें पडतें, मागें पडलें कीं लाजतें, लाजलें कीं येत नाहीं. मग चार पैसे गांठीला असलेला शेजारी "ही शाळा बिघडली" म्हणून आपलें मूल पिवळ्या गाडींतून इंग्रजी शाळेंत धाडतो. पट उतरतो तो असा.

आतां गैरहजर राहतें कोण? शहरांतले विद्वान एका शब्दांत उत्तर देतात: पालक अडाणी आहेत. हा शब्द त्यांना फार स्वस्त पडतो. मी वीस वर्षें हजेरी घेत आहें, आणि माझ्या वहींतल्या रिकाम्या चौकटींना बहुतेक एकेक कारण आहे. सोयाबीन काढणीच्या आठवड्यांत चौथी-पांचवीचीं पोरें दिसत नाहींत. कापूस वेचणीच्या दिवसांत मुली दिसत नाहींत. वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि लहान बोटेंही तेथें कामाला येतात. बाजाराच्या दिवशीं कुंभाराचें पोर बापाबरोबर मडकीं सांभाळावयास जातें. मेंढ्यांचीं घरें दिवाळीनंतर चाऱ्यामागें निघतात. आणि सर्वांत मोठी फळी ऊसतोडीची. दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रॅक्टर येतो. नवराबायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर आधींच उचल घेतलेली, आणि पुढचे चार-पांच महिने फडांत. मागें म्हातारें माणूस नसेल तर पोर कोठें ठेवावें? तें बरोबर जातें. कोपीवर धाकट्याला सांभाळतें, पाणी भरतें, आईच्या मागें मोळ्या बांधूं लागतें. मार्च-एप्रिलांत परत येतें तोंवर परीक्षा तोंडावर आलेली असते आणि तें वाचणें विसरलेलें असतें. ह्या बापाला अडाणी म्हणणाऱ्यानें एकदां उचल फेडून दाखवावी.

पण म्हणून सर्वच गैरहजेरी पोटासाठीं असते असें मीं म्हटलें तर तें खोटें होईल, आणि आपल्या माणसांची खोटी भलामण करणारा मास्तर तुमच्या काय उपयोगाचा? मावसबहिणीच्या हळदीपासून पूजेपर्यंत पांच दिवस, गांवची जत्रा दोन दिवस, शेजारगांवची जत्रा दोन दिवस, मामाच्या गांवचा सप्ता आठ दिवस! "एका दिवसानें काय होतंय, मास्तर?" असें बाप मला विचारतो. हाच बाप कांद्याला पाणी देण्याची पाळी एक दिवस चुकली तर रात्रभर झोपत नाहीं. तिसरींत भागाकार चालू असतां पोर सप्त्याला गेलें, तर तो भागाकार त्याच्या एकट्यासाठीं परत कोणीं मांडावयाचा? कायद्यानें पहिली ते पांचवीला वर्षाचे निदान २०० दिवस शाळा ठरविली आहे. म्हणजे १६५ दिवस आधींच मोकळे आहेत. पाहुणचार तेथें बसवा कीं!

ह्या प्रश्नाचा विचार आपल्या वडीलधाऱ्यांनीं पूर्वींच केलेला आहे. जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी त्यांत मागणी होती. आणि रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च होतो, हेंही त्यांनीं सरकारला तोंडावर सांगितलें. सयाजीराव गायकवाडांनीं १९०६ सालीं बडोदें संस्थानांत सक्ती लागू केली. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत कायदा केला आणि मुलाला शाळेंत न पाठविणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया, बरें का! मजुराला तो जड होता. कोणी म्हणेल, मग आजही तसाच दंड बसवा. मी त्याच्या विरुद्ध आहें. महाराजांनीं शिक्षण आधीं मोफत केलें, खेड्यांत शाळा काढल्या, त्यांवर तिजोरींतून पैसा ओतला. दंड हें त्या सगळ्या खटाटोपाचें शेवटचें टोक होतें. तें टोकच तेवढें उचलून गरिबाला टोंचावयाचें हा न्याय नव्हे. शिवाय २००९ चा कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून चालू झाला, त्यानें सक्तीचा अर्थच फिरविला आहे. मूल दाखल करून घेणें, तें येतें कीं नाहीं हें पाहणें आणि त्याचें शिक्षण पुरें करणें ही सक्ती सरकारवर आहे. बापावर कर्तव्य आहे, दंड नाहीं. हें फार थोड्या घरांना माहीत आहे, आणि ज्या कचेऱ्यांना माहीत आहे त्यांना त्याची आठवण करून दिलेली आवडत नाहीं.

रुपयावरून दुसरा रुपया आठवला. १९९२ सालीं आपल्या राज्यानें दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमातींच्या व भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दर दिवसाला एक रुपया भत्ता ठरविला. हेतु चांगला होता. पण वेचणीची मजुरी वाढली, चहाचा कप दहा रुपयांवर गेला, आणि हा रुपया वर्षानुवर्षें रुपयाच राहिला.

खिचडीची थट्टा करणारे लोक मला नेहमीं भेटतात. त्यांच्या पोरांना डबा असतो. १९९५ सालीं ही योजना निघाली, तेव्हां आपल्याकडे तांदूळ घरीं न्यावयाचा असे. २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शिजवलेलें अन्नच द्या असा हुकूम केला. पहिली ते पांचवीच्या पोराला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, वर भाजी. ह्यानें पोर दुपारपर्यंत टिकतें हें तर खरेंच. पण माझ्या मतें धान्याइतकीच मोठी गोष्ट पंगत ही आहे. गांवकुसाबाहेरचें पोर आणि पाटलाचें पोर मांडीला मांडी लावून जेवतात, हें ह्या देशांत आपोआप झालेलें नाहीं. शाहू महाराजांनीं १९१९ सालीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेंत घेण्याचा हुकूम काढला. भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढलें, तेथें सर्व जातींचीं पोरें एकत्र राबत, एकत्र रांधत आणि एकत्र जेवत. आमच्या पत्र्याच्या शेडखालची पंगत त्यांच्याच चुलीवरून आलेली आहे.

ती पंगत नीट आहे कीं नाहीं, हें मात्र आईबापांनीं येऊन पाहावें. ओळ एकच आहे ना? रांधणारी बाई अमुक जातीची म्हणून कोणाचें पोर घरून डबा आणतें काय? आणि झाडू कोणाच्या हातांत आहे? सामुदायिक जीवन, श्रमदान हे शब्द ऐकावयास छान आहेत. पण कित्येक शाळांत श्रमदान म्हणजे मुलींनीं वर्ग झाडणें आणि ठरावीक आळीच्या पोरांनीं संडास धुणें असेंच चालतें. अशा शाळेंत तें पोर उद्यां आलें नाहीं, तर तो त्याचा शहाणपणा समजावा! काम पाळीनें वांटलें पाहिजे, पाळी फळ्यावर लिहिली पाहिजे, आणि सरपंचाच्या नातवाचें नांव त्या पाळींत सर्वांना दिसलें पाहिजे.

आमच्या शाळेंत कांहीं साध्या गोष्टी चालविल्या आहेत, त्या सांगतों. प्रत्येक आळीच्या मुलांची एक टोळी. चौथी-पांचवींतलें एक पोर टोळीचा नाईक, मग तो मुलगा असो वा मुलगी. नाइकानें सकाळीं घरोघर हांक मारीत सर्वांना घेऊन यावयाचें. मास्तरचा निरोप गेला तर अंथरुणांतलें पोर कूस बदलतें. सवंगड्याची हांक आली कीं उठून बसतें. चार दिवसांनीं परत आलेल्या पोराला "कोठें मेला होतास?" हा प्रश्न बंद. मारणें आणि मनाला लागेल असें बोलणें कायद्यानेंही बंद आहे. पण जीभ कायदा वाचत नाहीं म्हणून मुद्दाम सांगितलें. त्या पोराला चुकलेला धडा टोळींतल्याच एकानें सांगावयाचा. परसबागेंत दर टोळीला एक वाफा. त्यांतली मेथी खिचडींत पडते, तेव्हां वाफेवाले इतरांकडे असे पाहतात कीं विचारूं नका.

एकदां गांवांतल्या कुंभाराला चाक घेऊन शाळेंत बोलाविलें. त्याचा मुलगा एरवीं आठवड्यांतून दोनदां दडी मारी. त्या दिवशीं मात्र बापाच्या शेजारीं असा उभा होता कीं हेडमास्तर तोच. पुढें त्याची दडी बरीच कमी झाली. बाजाराच्या दिवसाची गेली नाहीं, हेंही खरें सांगितलें पाहिजे. बाजार तो बाजारच.

तिसरींतली एक मुलगी कडेवर भाऊ घेऊन दाराशीं उभी राही आणि घंटा झाली कीं परत जाई. अंगणवाडी शेजारींच होती. पण ती दुपारीं सुटे आणि शाळा संध्याकाळीं, मधले तास त्या मुलीच्या कमरेवर. शेवटीं त्या पोराला वर्गांतच चटईवर बसवूं लागलों. तपासणीस आलेल्या एका साहेबांनीं विचारलें, "हें मूल पटावर आहे काय?" नाहीं, म्हणून सांगितलें. त्याची बहीण पटावर आहे, आणि तो चटईवर बसतो म्हणून ती हजर आहे, हें सांगेपर्यंत साहेबांची गाडी सुरू झाली होती.

शेंकडा शंभर हजेरीचें बक्षीस देण्याची एक चाल आहे. २६ जानेवारीला टाळ्या वाजतात, कंपासपेटी मिळते. कोणाला? ज्याच्या घरीं बागाईत आहे, आई घरीं आहे, ज्याचा बाप कोयता घेऊन कोठें जात नाहीं त्याला. ज्या पोरीनें धाकट्याला सांभाळून, वेचणी करून, वर्षाचे दीडशें दिवस भरले, तिनें टाळ्या वाजवावयाच्या. शिवाय ह्या बक्षिसापायीं अंगांत ताप असलेलें पोर आई शाळेंत आणून बसविते, तें निराळेंच. बक्षीस द्यावयाचेंच असेल तर मागल्या महिन्यापेक्षां जिची हजेरी वाढली त्या टोळीला द्या.

माझ्या पेशाच्या बंधूंनाही सोडून चालणार नाहीं. तालुक्याच्या गांवीं राहून मोटारसायकलवरून घंटेनंतर येणाऱ्या मास्तरनें पोराला उशिराचें कारण कोणत्या तोंडानें विचारावें? फोटो पाठवा, ॲपवर माहिती भरा, हीं कामें मानेवर आहेत हें मी जाणतों, माझ्याही आहेत. पण न आलेल्या पोराची हजेरी मांडून त्याच्या नांवानें तांदूळ शिजल्याचें लिहिणारा त्या पोराला दोनदां लुबाडतो: एकदां घांस जातो, आणि दुसऱ्यांदां तें आलें नाहीं ही गोष्टच पुसली जाते, म्हणजे त्याला शोधावयासही कोणी निघत नाहीं.

शाळेवर तुमची सत्ता आहे, ही गोष्ट कागदावर तरी पक्की आहे. शाळा व्यवस्थापन समितींत पाऊण सभासद पालक आणि एकंदरींत निम्म्या स्त्रिया पाहिजेत, असा कायदा आहे. प्रत्यक्षांत ठरावाची वही घरीं नेऊन चुलीपुढें बसलेल्या बाईची सही घेतात. त्या बाईनें सही देऊं नये. कोणतें पोर कां येत नाहीं, हें आळींतल्या बायांना मास्तरपेक्षां आधीं कळतें. त्या सभेंत बसल्या तर अर्धी चौकशी तेथेंच संपते. सभा दुपारीं असते म्हणून मजुरी बुडते. ती दिवेलागणीला घ्या असें सांगा.

आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेंत झेंडा झाल्याबरोबर पांगूं नका. दसऱ्यानंतर कोणतें घर ऊसतोडीला जाणार, पोरें किती, मागें आजी-आजोबा आहेत कीं नाहींत, ही यादी तेथें वाचून घ्या. मागें राहणाऱ्या पोरांसाठीं हंगामी वसतिगृहाची योजना आहे; आजीजवळ निजावयाचें आणि जेवण शाळेंतून. पण तिचा प्रस्ताव वेळेवर गेला पाहिजे, कारण मुकादमाचा ट्रॅक्टर प्रस्तावासाठीं थांबत नाहीं. जीं पोरें जाणारच त्यांचें शिक्षण हमी कार्ड मास्तरकडून आधीं मागून घ्या, म्हणजे कारखान्याच्या बाजूला जवळच्या शाळेंत बसतां येतें. यादीला एक वही आणि दोन संध्याकाळी लागतात. आमच्या गांवांत आषाढांतच ती करावयास घेतली. खालची आळी पुरी झाली आहे, वरच्या दोन वस्त्या येत्या रविवारीं घेणार आहों.