मासे जिवंत आहेत, म्हणून पाणी निर्धोक नव्हे



१९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. काचेआडचे रंगीत मासे पाहावयाचे तर त्या काळी आपल्या भागातील माणसाला मुंबई गाठावी लागे. आता बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद अशा गावांतही बैठकीच्या खोलीत मत्स्यपेटी दिसू लागली आहे. मुले तिच्यापुढे रमतात. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचा वेळ सुखाने जातो. हा विरंगुळा निर्दोष आहे. मात्र त्या पेटीत पाण्याच्या सोबतीने वीजही नांदते, याचा विसर पडू नये.

फिल्टरचा पंप आणि थंडीत लावावयाचा हीटर ही साधने पाण्यात बुडालेली असतात. पंपाचे आवरण झिजले, वायरीला चीर गेली किंवा हीटरची काच तडकली, म्हणजे २३० व्होल्टची वीज पाण्यात उतरते. पाणी तसेच निर्मळ दिसते, मासेही पूर्ववत विहरतात, आणि येथेच मनुष्य फसतो. विजेच्या तारेवर बसलेल्या पाखराला धक्का बसत नाही, कारण त्याच्या देहातून जमिनीकडे जाण्यास प्रवाहाला वाट नसते. काचपेटीतील माशाचेही बहुधा तसेच असते. ती वाट आपण हात घातल्यावर तयार होते: पाण्यातून हातात, हातातून छातीत, आणि पायांवाटे जमिनीत.

आपल्याकडे घरोघरी शहाबादी फरशी आहे. तिला ज्या गावाने नाव दिले ते शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातीलच. उन्हाळ्यात अनवाणी पायांना ती सुखावते. परंतु पेटीतील पाणी बदलताना ती ओली झाली, की तीच प्रवाहाला वाट करून देते.

“फ्यूज आहे, तो उडेल,” असा पुष्कळांचा भरवसा असतो. तो फोल होय. पाच अँपिअरचा फ्यूज म्हणजे पाच हजार मिलिअँपिअर. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी केलेल्या मोजणीत असे दिसले, की सरासरीने स्त्रियांचा हात सुमारे साडेदहा व पुरुषांचा सुमारे सोळा मिलिअँपिअरलाच असा आखडतो, की धरलेली वस्तू सोडता येत नाही. फ्यूज तारांचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. माणसासाठी आर.सी.सी.बी. नावाचे उपकरण असते. आत गेलेला प्रवाह व परत आलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करते. तीस मिलिअँपिअरची तफावत पडली, की निमिषार्धात वीज तोडते.

अर्थिंगही हवेच. आपल्या भागात बिदरचा तांबडा मुरूम असो वा कलबुर्गीची काळी माती, उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा खड्डा दुबळा होतो. त्यात पाणी घालीत जावे. शिवाय मत्स्यपेटीची पुष्कळ साधने दोन पिनांच्या प्लगची असल्याने त्यांना अर्थिंग पोहोचतच नाही. म्हणून आर.सी.सी.बी. अधिकच आवश्यक.

कित्येक जण पाण्यात बोट बुडवून झिणझिण्या येतात का, ते पाहतात. आयर्लंडमधील मेनूथ धर्मविद्यालयाचे प्राध्यापक फादर निकोलस कॅलन यांनी १८३६ साली इंडक्शन कॉइल बनविली. तेव्हा विजेचा जोर मोजण्याची नीट साधने नव्हती. ते आपल्या विद्यार्थ्यांना धक्के देऊन तो अजमावीत. आज मीटर उपलब्ध आहेत. मनुष्यदेहाने ते काम करण्याचे कारण उरलेले नाही. झिणझिणी जाणवल्यास प्लग काढावा व वायरमनला बोलवावे.

पुढील नियम घरातील प्रत्येकाने पाळावेत. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व प्लग काढावेत. नुसते बटण बंद करून भागत नाही. हीटर बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटे निवू द्यावा, नाहीतर बाहेर काढताच त्याची काच तडकते. वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी झोलावरून खाली गळेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. हवेचा पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा. वीज गेली की नळीवाटे पाणी उलट पंपात उतरू शकते. आर.सी.सी.बी.चे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

अनुवादाच्या ग्रंथात, बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्यास परमेश्वराने आज्ञा केली आहे, की छताला कठडा घालावा. कोणी तेथून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येऊ नये. उन्हाळ्यात माळवदावर झोपणाऱ्या आपल्या लोकांना या आज्ञेचा अर्थ समजावून सांगावयास नको. कठडा मालकापेक्षा अधिक लेकरांसाठी व पाहुण्यांसाठी असतो. पेटीत हात तरी कोणाचा जातो? बहुधा हौशी मुलाचा, किंवा “पेटी पुसून घे” असे सांगितलेल्या मोलकरणीचा. तिने ना ती पेटी विकत घेतली, ना वायर जोडली. पाचवी आज्ञा केवळ शस्त्र उगारणाऱ्यास लागू नाही. ज्याच्या हयगयीने दुसऱ्याचा जीव जातो, त्यालाही ती जाब विचारते.

मासे, शोभेचे दगड आणि दिवे यांवर आपण हौसेने खर्च करतो. त्या खर्चात हा कठडा पहिला धरावा. तो बसेपर्यंत पेटीत दुसऱ्या कोणाला हात घालावयास सांगू नये.