बहुमताचे वर्तुळ

पुरस्कार-समितीचा निर्णय ‘बहुमताने’ झाला, एवढे म्हटले की वाद मिटतो, असा आपला समज आहे. काँदोर्सेने १७८५ मध्येच त्याला सुरुंग लावला होता. तीन परीक्षकांचे पसंतिक्रम असे धरा: कादंबरी-कविता-समीक्षा, कविता-समीक्षा-कादंबरी, समीक्षा-कादंबरी-कविता. जोडीजोडीने मते घेतल्यास कादंबरी कवितेला, कविता समीक्षेला आणि समीक्षा कादंबरीला दोन विरुद्ध एक हरवते. प्रत्येक परीक्षक सुसंगत, समिती मात्र विसंगत! अशा वेळी जे पुस्तक शेवटी मताला येते तेच जिंकते. म्हणजे निवड गुणवत्ता नव्हे, कार्यक्रमपत्रिका करते. केनेथ ॲरोच्या १९५१ च्या सिद्धान्तानंतर, केवळ पसंतिक्रमांवर उभ्या असलेल्या निर्दोष पद्धतीची आशाही उरलेली नाही. म्हणूनच समित्यांनी निकालासोबत मतदानाचा क्रमही जाहीर करावा. आणि ‘सर्वोत्कृष्ट’ हा शब्द जरा जपून वापरावा.