डोळ्यांचे डॉक्टर पाहिले. मग कॉर्नियातज्ज्ञ कशाला?

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन काही महिने लोटले, तरी सकाळी उठल्यावर धूसर दिसते आणि दुपारपर्यंत थोडे निवळते. अशा वेळी नेत्रतज्ज्ञ ‘कॉर्नियातज्ज्ञांना दाखवा’ असे लिहून देतात आणि घरातील मंडळी बुचकळ्यात पडतात.

प्रथम पदव्यांचा उलगडा करू. चष्म्याचा नंबर काढणारे ऑप्टोमेट्रिस्ट प्रशिक्षित असतात. परंतु ते शस्त्रक्रिया करणारे वैद्य नव्हेत. नेत्रतज्ज्ञ होण्यासाठी इंटर्नशिपसह एमबीबीएसची साडेपाच वर्षे आणि त्यापुढे एमएस किंवा डीएनबीची साधारण ३ वर्षे लागतात. त्यानंतर बहुधा १ ते २ वर्षे केवळ कॉर्नियाचे फेलोशिप प्रशिक्षण घेतलेला नेत्रतज्ज्ञ, तो कॉर्नियातज्ज्ञ.

एवढ्या लहानशा भागासाठी एवढे शिक्षण का? बुबुळावरील हा पारदर्शक पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. त्याच्या सर्वांत आतील थरातील पेशी पडद्यातील पाणी सतत बाहेर उपसतात. वयोमानाने वा शस्त्रक्रियेने नष्ट झालेल्या या पेशी सहसा नव्याने तयार होत नाहीत. त्या फार घटल्या की पडदा सुजतो. झोपेत पापण्या मिटलेल्या असल्याने पाणी साचून राहते, म्हणून सकाळी अधिक धूसर दिसते. १९०५ मध्ये एडुआर्ड झिर्म यांनी पहिले यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण केले, तेव्हा पूर्ण जाडीचा पडदा बदलावा लागला. आज अनेक रुग्णांत केवळ आतील थर बदलता येतो. या नाजूक कामासाठी हात मुद्दाम तयार करावा लागतो.

भेटीस जाताना शस्त्रक्रियेची कागदपत्रे आणि वापरातील थेंबांच्या सर्व बाटल्या बरोबर न्या. ‘आपण फेलोशिप कोठे केली? अशी प्रत्यारोपणे नियमित करता का? नंतरची तपासणी कोण करील?’ हे निःसंकोच विचारा. चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही.

काळजीवाहकांनी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. लाल डोळ्यात दुकानातून आणलेले स्टेरॉईडचे थेंब स्वतःहून घालू नयेत. बुरशीचा संसर्ग असल्यास ते घातक ठरतात. आणि प्रत्यारोपणानंतर, मग कितीही वर्षे झालेली असोत, डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना किंवा दृष्टी मंदावली, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. वेळीच उपचार झाल्यास बदललेला पडदा पुष्कळदा वाचवता येतो.