वाळलेलं म्हणजे मेलेलं नव्हे



'माझे आवडते फूल' हा निबंध चौथीला दिला की निम्म्या वह्यांत पारिजातक येतो. पांढऱ्या पाकळ्या, केशरी देठ, सकाळचा सडा आणि कृष्ण-सत्यभामेची गोष्ट. सगळ्यांची वाक्यं सारखीच. मीसुद्धा त्यावर 'छान' असा शेरा मारत आले. पण एका एप्रिलमध्ये माझीच परीक्षा झाली.

शाळेच्या कुंपणालगत आमचा पारिजातक होता. उन्हाळा लागला तशी त्याची पानं गळाली, नुसत्या काड्या राहिल्या. 'वाळलंय, काढून टाका,' असं मीच सांगितलं. झाड उपटल्यावर चौथीतल्या एका मुलाने त्याची फांदी मोडून माझ्यासमोर धरली. म्हणाला, "मॅडम, आतून हिरवं व्हतं." मला उत्तर देता आलं नाही.

पारिजातक हे पानगळीचं झुडूप आहे. आपल्या जळगाव-धुळ्याच्या उन्हात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा ते पानं टाकून पाणी वाचवतं. पाऊस पडला की पुन्हा फुटतं, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत फुलतं. हे मला डी.एड.च्या पुस्तकाने नाही, त्या मोडक्या फांदीने शिकवलं.

त्याच जुलैत आम्ही नवीन रोप लावलं. तुम्हीही लावणार असाल तर आमचा अनुभव सांगते. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, आणि साचलेलं पाणी या झाडाला चालत नाही. म्हणून खड्ड्यात थोडी वाळू आणि शेणखत मिसळा. जागा उन्हाची निवडा. उन्हाळ्यात पानं नसताना रोज पाणी ओतू नका. माती बोटाने उकरून पाहा, आत कोरडी लागली तरच द्या. बुंध्याभोवती केळीची वाळलेली पानं पसरली की ओल टिकते. छाटणी फुलांचा बहर संपल्यावर करा, कारण फुलं नव्या फुटव्यांवर येतात.

आता माझं स्पष्ट मत सांगते. जुलैत रोप लावून फोटो काढणं सोपं आहे. खरा पाठ मे महिन्यात असतो, आणि तेव्हा शाळेला सुट्टी असते. आम्ही शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या पाळ्या लावल्या. एका घरची आजी तर नातवाच्या आधी बादली घेऊन यायची! दोन उन्हाळे रोप उघडं पडलं, दोन्ही वेळा पुन्हा फुटलं.

निबंधही आम्ही आता वर्षाच्या शेवटी लिहितो. त्याआधी मुलं वहीत नोंदी करतात. पान हाताला कसं लागतं? खरखरीत, पॉलिश पेपरसारखं. कोवळी फांदी गोल आहे का? नाही, चौकोनी. पाकळ्या किती? कुणी सहा मोजतो, कुणी सात, आणि दोघंही बरोबर असतात. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण त्यांनी शेत-शिवार डोळे भरून पाहिलं होतं. आपल्या मुलांना अक्षरं येतात, पाहायला मात्र आपण वेळच देत नाही.

पालकहो, कळ्या संध्याकाळी उमलतात, तेव्हा शाळा सुटलेली असते. तेवढी एक संध्याकाळ तुम्ही मुलासोबत झाडाजवळ बसा. मोबाईल घरी ठेवा.

आणि उन्हाळ्यात अंगणातलं झाड वाळलेलं दिसलं तर उपटण्याआधी फांदीची साल नखाने जराशी खरवडा. आत हिरवं दिसलं तर थांबा. खरवडायचं काम मात्र मुलालाच करू द्या. मी ते केलं असतं, तर आमचा जुना पारिजातक आज असता.