वारस कोणास म्हणावें?

उन्हाळ्याच्या सुटींत नातू चंद्रपुरास आला, कीं दुपारभर मोबाइलवरील खेळांत गढून जातो. खेळण्याचे पत्ते दिसले तरी अक्षसूक्तांतील जुगाऱ्याचा विलाप आठवणारा मी. तें यंत्र हिसकावून घ्यावें असेंच मनांत आलें. पण आधीं विचारलें, "बाळ, हा खेळ केला कोणीं?"

"आजोबा, जपानच्या निन्टेंडोनें. ती कंपनीही आधीं पत्तेच करीत असे!"

मग त्या कंपनीची कुळकथाच मीं वाचून काढिली. 1889 सालीं क्योटो नगरांत फुसाजिरो यामाउची यांनीं 'हानाफुदा' पत्त्यांचें दुकान घातलें. बारा महिन्यांच्या फुलापानांचीं चित्रें असलेले ते 48 पत्ते. फुसाजिरोंस पुत्र नव्हता. 1929 सालीं त्यांनीं धंदा जांवयाच्या हातीं दिला. जांवयानें सासऱ्याचें आडनांव घेतलें होतें. 1949 सालीं पणतू हिरोशी विद्यापीठ सोडून गादीवर बसले. त्यांच्याच कारकीर्दींत, 1983 सालीं, दूरचित्रवाणीस जोडून खेळावयाचें 'फॅमिली कॉम्प्युटर' हें यंत्र निघालें. फुसाजिरो 1940 सालींच निवर्तले होते; पत्त्यांचा पडदा झालेला त्यांनीं पाहिला नाहीं.

असेच एक पत्ते आपल्या सावंतवाडीसही होतात. दशावतारी गंजिफा म्हणजे 120 गोल, हातानें रंगविलेले पत्ते. छापील पत्त्यांपुढें ही कला विझूं लागली, तेव्हां वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्यापाशीं शिवरामराजे भोंसले व राणी सत्वशीलादेवी स्वतः शिकावयास बसलीं. पुढें राजवाड्यांतच कारागिरांस काम व शिक्षण मिळालें. चिताऱ्यांची कला घराबाहेर गेली, म्हणूनच वांचली. आमच्या चिचपल्लीच्या बांबू केंद्रांतही बुरडाच्या घरीं न जन्मलेलीं माणसें बांबूकाम शिकतातच कीं!

औरस पुत्राची वाट पाहत कोणीही बसलें नाहीं. जो शिकला, तो वारस. मीं मात्र मुलांनीं संस्कृत घेतलें नाहीं म्हणून आयुष्यभर त्यांस बोल लाविला. त्यांस गोडी लागेल असें शिकविलें काय, हें स्वतःस कधींच विचारलें नाहीं.

आतां नातवाशीं करार झाला आहे. घटकाभर त्यानें मला खेळ शिकवावा, घटकाभर मीं त्यास शब्दरूपें. काल 'राम' शब्द संपला. खेळांत मी तीनदां हरलों.